ईश्वरनिंदकाची चादर

अक्का,

परवा तुम्हाला बसवून नेलं. तुमच्या लोकांत शेवटच्या यात्रेला बसवूनच नेतात हे मला माहीत होतं, पण तुम्ही इतक्या ताठ बसाल असं वाटलं नव्हतं. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, झेंडूच्या माळा, पुढं भजन, आणि पाठ अगदी टायपिंगच्या वर्गात असायची तशी. साखर पेठेतून जाताना मला सारखं वाटत होतं, आता या बाई मान वळवणार आणि म्हणणार, "पोक काढू नका, मनगटं वर." शपथेवर सांगतो, माझ्यासकट चौघांनी तरी चालता चालता पाठी सरळ केल्या. मग मला हसू आलं. नको त्या जागी हसायची माझी खोड तुम्हाला ठाऊक आहे. शेजारच्याला वाटलं मी हुंदका दिला. त्यानं खांद्यावर हात ठेवला आणि मग मात्र खरोखरच आला.

लोक तुमच्याविषयी आता चांगलं बोलतील. वर्गातून किती मुलींना नोकऱ्या लागल्या, सोमवार कसा कधी मोडला नाही, सगळं. ते त्यांना बोलू दे. मी सांगणार आहे ती गोष्ट तुम्ही मला कधी मनासारखी सांगू दिली नाहीत. मी रंगात आलो की तुम्ही मशीनवरून मान वर न करता म्हणायचात, "नारद, मीठ कमी घाला." आज घालणार आहे. अडवायला या.

नारद हे नाव तुम्हीच ठेवलंत आणि रागानं ठेवलंत. मिलच्या गणपतीत आम्ही एक फार्स केला होता. मी दिवसा टाइम-ऑफिसात हजेऱ्या लावणारा, संध्याकाळी नट. फार्स मीच लिहिला आणि नारदही मीच झालो. त्यात साक्षात शंकर रॉकेलच्या रांगेत उभे राहतात आणि दुकानदार त्यांचं कार्ड उलटसुलट करून म्हणतो, "पत्ता कैलास? आमच्या हद्दीत येत नाही, पुढच्या दुकानात बघा." मग नारद देवाच्या कानाशी लागतो, "देवा, कशाला याच्या नादी लागता? तिसरा डोळा किलकिला करा, स्टो आपोआप पेटेल." मांडव खाली यायचा राहिला. तुम्ही पहिल्या रांगेत होता, कारण मिलच्या ऑफिसातल्या निम्म्या टायपिस्ट तुमच्या हाताखालून गेलेल्या. त्या वाक्याला तुम्ही उठलात, पदर सावरलात आणि मधल्या वाटेनं सरळ बाहेर गेलात. नटाला हे दिसतं, अक्का. सगळा मांडव हसत असला तरी निघून जाणारी एक पाठ दिसतेच.

चार दिवसांनी चनबसप्पाशेठ तक्रारीचा अर्ज घेऊन पेठेत हिंडू लागले. चादरींचे व्यापारी, तुमच्याच समाजातले, तुमच्याच देवळातले, आणि त्यांचा इंग्रजी पत्रव्यवहार तुम्हीच टाइप करून द्यायचात. धार्मिक भावना दुखावल्या, कलम लावा, नटाला आत घाला, असा अर्ज होता. पहिली सही तुमची हवी होती. दर सोमवारी अनवाणी सिद्धेश्वराला जाणारी बाई. तुमच्या सहीनंतर कोण नाही म्हणणार? पुढं काय झालं ते मला शेठनीच नंतर सांगितलं, तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

"अक्का, हितं करा सही. तुमी सोता बगितलंय न्हवं ते सोंग?"

"बघितलं की."

"राग आला न्हाई?"

"लई आला. अजून हाय."

"मग करा की!"

"राग माझा हाय, शेठ. तो पोलिसांना कशाला देऊ?"

"अहो, कलमच हाय तसलं. सरकारनं केलंय म्हंजे—"

"सिद्धेश्वराला वकील लागत असंल, तर मी सोमवारी अनवाणी कुणाकडं जाते? वकिलाकडं?"

शेठ अर्ज घेऊन परतले. तुमची सही नाही म्हटल्यावर बाकीच्यांचे हात आखडले आणि अर्ज चौकीतल्या कुठल्या तरी फायलीत जाऊन निजला. मी पेढे घेऊन तुमच्या वर्गात आलो. तुम्ही पुड्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही," तुम्ही म्हणालात. "सही केली नाही, एवढंच. या दोन निराळ्या गोष्टी हायत. नीट समजून घ्या, नारद."

मी विचारलं, मग बसू का जरा? तर म्हणालात, "नुसतं बसायला हितं कुणी येत नाही. टायपिंग शिकायचं असंल तर बसा." अडतिसाव्या वर्षी मी तुमचा विद्यार्थी झालो. आजही दोनच बोटांनी टाइप करतो. याला शिक्षकाचं अपयश म्हणतात, अक्का. आता उलट बोलता येत नाही तुम्हाला, म्हणून म्हणून घेतो.

शुद्धलेखनाच्या सरावासाठी तुम्ही एक इंग्रजी साप्ताहिक घ्यायचात. त्यात एका कोपऱ्यात ती बातमी होती. कुठल्याशा डोंगराळ देशात एका शाळामास्तराला पाच वर्षांची शिक्षा झाली होती. वर्गात कुणी तरी विचारलं, देवानं आधी काय निर्माण केलं? मास्तर म्हणाला, "मला माहीत नाही. आणि ज्यानं हे लिहून ठेवलं त्यालाही नक्की माहीत नसावं." एवढंच. त्याला तिथल्या कायद्यात ईश्वरनिंदा म्हणतात. देशाचं नाव मी इथंही लिहीत नाही. तुम्हीच म्हणायचात, नाव सांगितलं की ऐकणारा लगेच त्यांच्या धर्माला नावं ठेवायला मोकळा होतो आणि स्वतःच्या पेठेतला अर्ज विसरतो. हे म्हणताना माझ्याकडं नाही, चनबसप्पाशेठच्या दुकानाच्या दिशेनं बघायचात.

बातमीखाली परदेशातल्या एका संस्थेचा पत्ता होता. जगभरातल्या साध्या माणसांकडून अशा कैद्यांसाठी पत्रं लिहवून घेणारी संस्था. तुम्ही त्यांना लिहिलंत आणि त्यांचा कागद आला. कुणाला लिहायचं त्यांचे पत्ते आणि तीन सूचना: भाषा नम्र ठेवा, त्यांच्या धर्माविषयी वाईट शब्द काढू नका, आणि स्वतःच्या देशातल्या कैद्याविषयी लिहू नका, ते काम दुसऱ्या देशातले लोक करतील.

मी म्हणालो, "अक्का, मास्तर तर तुमच्या हिशेबानं माझ्याहून वाईट. मी देवाला रांगेत उभं केलं, त्यानं देवाचं पुस्तकच संशयात ढकललं. तुम्हाला पटतंय का त्याचं?"

"मुळीच नाही. साफ चुकीचं बोललाय."

"मग?"

"मग काय? चुकलेल्याला उत्तर द्यायचं असतंय. कुलूप घातल्यावर उत्तर कुणाला द्यायचं?" थोड्या वेळानं म्हणालात, "तुमच्या वेळी मी नुसता हात मागं घेतला. त्यात कसलं आलंय मोठेपण? आता ह्याच्यासाठी हात पुढं करते."

आणि मग तुमचं ते पत्र! जगात शेकडो लोकांनी त्या देशाच्या न्यायमंत्र्याला पत्रं लिहिली असतील, पण त्या सगळ्यांत तुमचं पत्र एकमेव असणार. तुम्हाला इंग्रजी पत्र एकाच प्रकारचं येत होतं: व्यापारी. वीस वर्षं चादरीच्या पेढ्यांची पत्रं टाइप केलेली बाई तुम्ही. त्यामुळं मंत्र्याला गेलेल्या पत्राचा सूर असा होता, की आपल्याकडं असलेला एक मास्तर अद्याप रवाना झालेला दिसत नाही, तरी कृपया त्वरित लक्ष घालून कळवावे. महिन्यानं पहिलं स्मरणपत्र. पुढच्या महिन्यात दुसरं. दर वेळी निळी कार्बनप्रत, भोक पाडून, फायलीत. मी हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिलो. तुम्ही थंडपणे म्हणालात, "पुण्याचा घाऊक व्यापारी चौथ्या पत्राला हलतो. मंत्री काय त्याच्यापेक्षा मोठा हाय?"

गंमत म्हणजे, मंत्री नाही, पण त्याचा तुरुंग चौथ्यालाच हलला.

त्या वर्षी कागदाची टंचाई होती. शेठच्या पेढीचा पत्ता बदलल्यामुळं बाद झालेल्या लेटरहेडांचा गठ्ठा तुमच्या कपाटात पडून होता. वर वेलबुट्टीत गुंडाळलेली चादर, खाली 'आपल्या मागणीच्या प्रतीक्षेत' असं सुबक इंग्रजी. तुम्ही छापील बाजूवर काट मारण्याऐवजी त्याच्या कोऱ्या पाठीवर पत्र टाइप केलंत आणि या चौथ्या खेपेला ते मंत्र्याला न धाडता थेट तुरुंगाच्या अधीक्षकाला धाडलंत. तिथल्या कारकुनानं काय करावं? त्यानं पान उलटं धरलं! मास्तर मागं राहिला, चादर पुढं आली, आणि कागद तुरुंगाच्या भांडार-विभागात गेला.

दोन महिन्यांनी चनबसप्पाशेठ तुमच्या वर्गात धावत आले. धोतराचा सोगा हातात, हातात परदेशी शिक्क्याचं पाकीट. नव्या पत्त्यावर ते पोस्टमननंच आणून दिलं होतं. वर्गातली सातही मशीनं थांबली.

"अक्का! आर्डर! परदेशातनं! सरकारी! जाड चादरीचे नमुने पाठवा म्हंत्यात!"

तुम्ही पत्र घेतलं, वाचलं आणि तुमचा चेहरा कसा झाला ते मी विसरणार नाही. मी तर उडालोच. माझं डोकं लगेच नाटकाच्या मागं लागलं. मी तुमच्या कानाशी लागलो, अगदी फार्समधल्या नारदासारखा, "अक्का, काही बोलू नका. शेठना पाठवू द्या. त्या निमित्तानं आत शिरू."

तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की मी दोन पावलं मागं सरलो. मग शेठना खुर्ची दिलीत, पाणी दिलंत आणि सगळं सांगितलंत. मास्तर, शिक्षा, पत्रं, उलटं पान. काही म्हणजे काही लपवलं नाहीत. शेठचा हात गळ्यातल्या लिंगाकडं गेला.

"म्हंजे देवाची निंदा करणाऱ्याला मी पांघरूण घालू?"

"नका घालू. मी कळवते त्यांना, चुकून झालं म्हणून."

"पण तुमी माझा कागद वापरला!"

"वापरला. चुकलं माझं. न विचारता मागची बाजू घेतली."

शेठ उठले, दारापर्यंत गेले, परत आले. व्यापारी माणूस, दारातून परत येणं त्यांच्या रक्तात. "थंडी लई असती का तिकडं?"

"संस्थेच्या कागदात लिहिलंय, डोंगरात तुरुंग हाय. मास्तरची छाती आधीच अधू. दीड वर्षात त्याचा काही पत्ता नाही. जिवंत हाय का, तेच कुणाला ठाऊक नाही."

शेठ परत खुर्चीवर बसले. मग इकडंतिकडं बघत, कुणी देवळातलं ऐकत नाही ना याची खात्री करून म्हणाले, "नमुना म्हंजे नमुना. त्याला आपली पद्धत हाय. ती मोडायची न्हाई."

ती पद्धत तुम्ही आणि मी दोघंही विसरलो होतो! शेठ कुठलीही नवी वीण बाजारात आणण्याआधी एक चादर कुणाच्या तरी घरी चाळीस दिवस वापरायला द्यायचे. मग त्या माणसाकडून लिहून घ्यायचे: ऊब कशी, धुतल्यावर रंग गेला का, टोचते का. खाली वापरणाऱ्याची सही. स्वतःच्या सख्ख्या भावाची तोंडी शिफारसही त्यांना चालत नसे, सही पाहिजे. तुमच्या डोळ्यांत काय चमकलं तेव्हा! तुम्ही लगेच मशीनवर बसलात. आधी लिहिलंत, की आमचं मुख्य पत्र आधी पाठवलेल्या पानाच्या दुसऱ्या बाजूस आहे, ते कृपया वाचावे. मग लिहिलंत, की तरीही नमुन्याच्या दोन चादरी पाठवीत आहोत. आमच्या पेढीच्या नियमाप्रमाणे एक चादर चाळीस दिवस प्रत्यक्ष वापरली जावी. दुसऱ्या बाजूस ज्यांचं नाव आहे ते गृहस्थ छातीनं अधू असल्यानं उबेची पारख त्यांनाच उत्तम होईल. त्यांच्या सहीचा अभिप्राय आल्याशिवाय पुढील माल पाठवण्याची आमची पद्धत नाही.

मी वाचलं आणि उठून तुम्हाला मुजरा केला. रंगभूमीवर एवढं सरळ, एवढं सत्य आणि एवढं बेरकी वाक्य मी कधी म्हटलेलं नाही. तुम्ही म्हणालात, "यात बेरकी काय? सगळं खरं हाय की."

मग वाट बघणं. पार्सल गेलं त्याला महिना झाला, दोन झाले. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा आली, गेली. शेठ रोज तुमच्या दारावरून जाताना नुसती मान हलवून विचारायचे, तुम्ही नुसती मान हलवून नाही म्हणायचात. शेठना आर्डरीची काळजी आहे, असं मी तुम्हाला एकदा म्हणालो. तुम्ही म्हणालात, "शेठनी काल देवळात मला विचारलं, तिकडं बर्फ कधी वितळतं." शेठकडं मला आत धाडायला निघालेला माणूस म्हणून बघायची मला सवय झाली होती आणि सवय मोडताना जरा दुखतं.

तुम्ही त्या दिवसांत सोमवारी देवळातून परतायला उशीर करायचात. मी चिडवलं, "मास्तरसाठी नवस बोललात काय? त्याच्याविरुद्ध तक्रार ज्याच्या दरबारात, त्याच्याकडंच?" तुम्ही म्हणालात, "तक्रार माणसांनी केलीय. त्यानं केली असती तर मला सांगितलं असतं. रोजची ओळख हाय आमची."

अभिप्राय आला तो मार्चात, ऐन उन्हाच्या दुपारी. वर्गात पंखा नव्हता. शेठ, तुम्ही आणि मी. तुम्ही पाकीट फोडलंत. भांडार-अधिकाऱ्याच्या पत्राला एक चिटोरं टाचलेलं होतं. बारीक, मास्तरी अक्षरात इंग्रजी. तुम्ही मोठ्यानं वाचून मराठीत सांगितलंत: चादर उबदार आहे. टोचत नाही. दोनदा धुतली, रंग राहिला. माझ्या उंचीला ती एक वीत आखूड पडते, पाय बाहेर राहतात. तरी गेल्या वर्षापासून प्रथमच सलग झोपलो. आणि खाली सही. नाव तेच. मास्तरचं.

तुम्ही दोन्ही हातांत चिटोरं धरून बसलात. अक्का, मी तुम्हाला कधी रडताना पाहिलं नव्हतं आणि तेव्हाही पाहिलं असं म्हणणार नाही, कारण तुम्ही लगेच पदरानं घाम पुसलात. शेठ मात्र एकदम ताडकन उठले.

"आखूड? आपली चादर आखूड?"

"अहो शेठ, तो जिता हाय!"

"जिता हाय त्ये कळलं! पर पाय भाईर ऱ्हायल्यात न्हवं! सोलापूरची चादर घेऊन माणसाचं पाय भाईर ऱ्हायलं, ही काय इज्जत हाय व्हय!"

आणि ते तरातरा मागावर गेले. आठवड्याच्या आत एक वीत लांब चादर विणून घेतली, खास. ज्या माणसानं देवाच्या नावानं माझ्यावर अर्ज फिरवला होता, त्यानं ईश्वरनिंदकाच्या पायांसाठी मागाची मांडणी बदलली. हे मी दहा ठिकाणी सांगितलं आणि दहाही ठिकाणी लोक म्हणाले, मीठ जास्त झालं. खरं तर या एकाच जागी मी चिमूटभरही घातलेलं नाही.

तुम्ही सहीची नक्कल संस्थेला पाठवलीत. जवळजवळ दोन वर्षांनी माणूस जिवंत असल्याचा पहिला कागद सोलापूरहून गेला, चादरीच्या अभिप्रायाचा! तिकडून तार आली. पुढं निरनिराळ्या देशांतल्या लोकांनी त्याचं नाव, त्याचा तुरुंग घालून पत्रांचा पाऊस पाडला, म्हणे. वकिलातींनी विचारणा केली. त्या सरकारला प्रत्येक बैठकीत त्या एका मास्तराबद्दल बोलावं लागलं. हे तुम्ही मला संस्थेच्या कागदांतून वाचून दाखवायचात, आणि मी छाती फुगवली की लगेच टाचणी लावायचात, "आपलं एक पत्र. बाकी पोत्यांनी गेलीत."

मधेच आणीबाणी आली. परदेशी पाकिटं येणाऱ्या घरावर नजर असायचीच. एके दिवशी साध्या कपड्यातला एक पोलीस वर्गात येऊन बसला.

"बाई, परदेशात पत्रव्यवहार कशाचा?"

"चादरीचा आणि माणसाचा," तुम्ही म्हणालात आणि सगळी फाइल त्याच्यापुढं ठेवलीत. त्यानं दोन तास एकेक कार्बनप्रत वाचली. शेवटी कपाळ चोळत म्हणाला, "एवढं नम्र लिहिलंय, ह्याच्यावर मी रिपोर्ट काय लिवू?" जाताना दारात थबकला. "आपल्या हितल्यांसाठी लिहीत न्हाई न्हवं?"

"नाही. आमच्या नियमात बसत नाही."

तो गेला आणि मी तुमच्यावर तुटून पडलो. आठवतं? इतका मोठ्यानं मी रंगमंचावरसुद्धा बोललो नसेन. आपल्या ओळखीचे चार जण आत आहेत, आणि तुम्ही सातासमुद्रापलीकडच्या मास्तराची झोप मोजत बसलात. कसला नियम? सोयीचा नियम! तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. म्हणालात, "नियम त्यांनी मला घातला. मी पाळते, कारण पाळला नाही तर त्या मास्तरचं पत्रही उद्या कुणी वाचणार नाही. पण तुम्हाला कुठं नियम हाय, नारद? हे मशीन घ्या. लिहा."

मी मशीनवर बसलो. कागद चढवला. तारीख टाइप केली. मग मला मिल आठवली, टाइम-ऑफिस आठवलं, घर आठवलं. कागद काढून खिशात घातला. तुम्ही पाठमोऱ्या होता. बघितलंत की नाही, मला आजतागायत माहीत नाही. पुन्हा तुम्ही तो विषय काढला नाहीत आणि मीही काढला नाही. सगळ्या गोष्टी रंगवून सांगणारा मी, ही एक गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती. तुम्हाला सांगायची राहिली होती. सांगितली.

मास्तर सुटला तेव्हा शिक्षेचं जवळजवळ एक वर्ष बाकी होतं. कायदा आहे तसाच आहे; फक्त माणूस बाहेर आला. तुम्ही ते कळल्यावर पहिलं काय केलंत? जत्रा केली? पेढे वाटले? पेढे शेठनी वाटले, कारण न सांगता. तुम्ही फायलीवर इंग्रजीत 'पूर्ण' असा शिक्का मारलात आणि नव्या कागदावर नव्या नावासाठी पहिलं पत्र टाइप करायला घेतलंत.

या श्रावणात तुम्ही अंथरुणाला खिळलात. तेव्हा मास्तरचं तुम्हाला लिहिलेलं पहिलं पत्र आलं. आभार होते. मी वाचत होतो आणि तुम्ही डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर म्हणालात, "मशीन इकडं ओढा. घ्या लिहून." आवाज बारीक झाला होता, पण सांगण्याची पद्धत तीच. तुम्ही सांगितलंत: महाशय, आपण सुटलात याचा फार आनंद झाला. आता आपल्या वर्गातल्या उत्तराविषयी. ते मला पटलेलं नाही. लिहिणाऱ्याला माहीत होतं. आपल्याला माहीत नाही, हा आपला प्रश्न आहे. सविस्तर कळवावे.

मी टाइप करता करता थांबलो. "अक्का, चार वर्षं याच वाक्यापायी आत होता तो. आता तरी सोडा."

"आत होता म्हणून सोडलं होतं," तुम्ही म्हणालात. "आता बाहेर हाय."

ते पत्र टपालात मीच टाकलं. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. पोस्टमन वर्गाच्या बंद दारापाशी घोटाळत होता, मी घेतलं. मास्तर लिहितो: 'सुटल्यापासून माझ्याशी कुणी वाद घातलेला नाही. लोक मला घाबरतात, नाही तर माझी कीव करतात. मी बोललो की सगळे खाली बघतात. बाई, तुम्ही पहिल्या आहात ज्यांनी मला चूक म्हटलं आणि उत्तर मागितलं. पत्र मिळालं त्या दिवशी मला खरोखर सुटल्यासारखं वाटलं. मला देशाबाहेर जाण्याची परवानगी नाही, म्हणून वाद पत्रानंच घालावा लागेल. तुमचं म्हणणं मला मान्य नाही. लिहिणाऱ्याला माहीत होतं, याला पुरावा काय? वाट बघतो.'

वाट बघतो म्हणतो, अक्का.

त्याला तुम्ही गेल्याचं कळवायला मी बसलो होतो. नुसतं तेवढंच लिहिलं तर काय होईल? पुन्हा एकदा समोरची खुर्ची रिकामी. पुन्हा सगळे खाली बघणारे. इतकी पत्रं त्याच्यासाठी लिहिली, ती त्यानं गप्प बसावं म्हणून नव्हेत. तुमची किल्ली माझ्याकडं होती. वर्ग उघडला. तुमच्या बाजूनं बोलायला मला यायला हवं. तुमचे मुद्दे मी इतकी वर्षं चिडवत, खोडत, फाटे फोडत ऐकलेत की पाठ झालेत. नट आहे मी. राजा झालो, चोर झालो, नारद झालो. पण देव मानत नाही म्हणून जो देवळाच्या बाहेरच उभा राहायचा, त्यानं भक्ताची भूमिका कधी घेतली नव्हती.

वर तुमचं निधन कळवलं. एक ओळ सोडली. मग पाठ ताठ केली, मनगटं उचलली आणि दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, तुमच्या वतीनं पहिलं वाक्य टाइप केलं:

'महाशय, देव आहे.'